जहाजावर मासळी कोणत्या रात्री खावी

माझं आडनाव तांडेल. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. वारा बघणारा, पाणी ओळखणारा, जाळं कधी टाकायचं ते सांगणारा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं त्यात या आडनावाची बरीच अब्रू गेली.

माझ्या आजोबांची ठाण्याच्या खाडीत होडी होती. वडिलांनी ती विकली आणि ते एका कंपनीच्या गेटवर वॉचमन झाले. मी, उत्तम तांडेल, वागळे इस्टेटमधल्या पंपांच्या कारखान्यात प्लॅनिंग खात्यात लागलो. पाण्याशी माझा संबंध एवढाच, की आमचे पंप ते उपसायचे.

प्लॅनिंग म्हणजे कोणता भाग कोणत्या दिवशी कोणत्या मशीनवर चढवायचा याचे तक्ते काढणं. मी ते वर्षानुवर्षं काढत होतो. मशीनवाले तक्ता बघायचे, मान डोलवायचे आणि त्यांना हवं तेच करायचे. म्हणून असेल, पण माझी तक्त्यांची भूक कारखान्यात भागायची नाही. घरी मुलीच्या अभ्यासाचा तक्ता, गॅस सिलिंडरचा तक्ता, माळ्यावर काय कुठे ठेवलंय त्याचा तक्ता. माझी बायको मंजुळा जुने तक्ते कपाटाच्या फळ्यांवर अंथरायची. कागद चांगला असतो, म्हणायची.

सत्त्याण्णव साली एका मसाल्याच्या कंपनीने स्पर्धा काढली. पाकिटावर अर्धं वाक्य छापलेलं, ते पूर्ण करून पंचवीस रिकाम्या पाकिटांसकट पाठवायचं: 'मला हा मसाला आवडतो, कारण…' मंजुळाने मला न विचारता लिहून पाठवलं: 'कारण तो नवऱ्यासारखा नाही. थोडासा असला तरी कामाला येतो.'

तिला पहिलं बक्षीस लागलं. दोघांसाठी सिंगापूरहून तीन रात्रींची जहाजाची सफर, विमानाच्या तिकिटांसकट.

मला हे कँटीनमध्ये कळलं. स्टोअरमधल्या पंढरीने पेपरातली जाहिरात मोठ्याने वाचली. वाक्य वाचलं, सगळे हसले, मी सगळ्यांत जास्त हसलो. मग त्याने खालचं नाव वाचलं: सौ. मंजुळा उत्तम तांडेल, वर्तकनगर, ठाणे. त्या दिवसापासून कारखान्यात माझं नाव 'थोडासा' पडलं. "थोडासा आला का रे? त्याला म्हणावं, शेड्यूल पाठव."

महिनाभराने ट्रॅव्हल कंपनीचा फॉर्म आला. जहाजावर एक मोठं जेवणघर होतं, तिथलं खाणं-पिणं सफरीतच धरलेलं. पण त्याशिवाय एक खास मासळीचं रेस्टॉरंट होतं. तिथे एरवी वेगळे पैसे पडायचे, आम्हाला मात्र तिथलं एक जेवण बक्षिसात होतं. एकच. आणि ते कोणत्या रात्री घेणार हे आधी कळवायचं होतं. फॉर्मवर तीन चौकोन होते: रविवार, सोमवार, मंगळवार. एकावर खूण करायची.

इतका सुंदर फॉर्म माझ्या आयुष्यात माझ्या हाती आला नव्हता.

"पहिली रात्र," मंजुळा म्हणाली. ती भाकरी थापत होती. मान वर करून तिने फॉर्म बघितलाही नाही.

"अगं, असं झटकन सांगायचं नसतं. विचार करावा लागतो."

"केला विचार. बोट निघते ना, तेव्हा ते लोक—"

"थांब. आधी मी तक्ता काढतो."

ती थांबली. भाकरी तव्यावर टाकली. मला वाटलं, पटलं तिला.

तक्त्यात तीन रात्री आडव्या आणि सहा रकाने उभे होते: भूक, थकवा, उपास, कपडे, गर्दी, समुद्र. प्रत्येकाला दहापैकी गुण. रविवारी विमानातून उतरून लगेच जहाजावर, म्हणजे थकवा जास्त. सोमवारी मंजुळाचा उपास. लग्न झाल्यापासून तिने कौपीनेश्वराचा सोमवार चुकवलेला नाही, त्या दिवशी ती मासळीला हात लावत नाही. समुद्राच्या रकान्यासाठी मी कॅलेंडरावर तिथ्या बघितल्या, अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं एवढं मला ठाऊक होतं. आता ठाण्याच्या खाडीचं उधाण सिंगापूरला लागू पडतं का, हे चेंदणी कोळीवाड्यात कोणालाही विचारता आलं असतं. पण तांडेलाने ते विचारायचं कसं? मी तिन्ही रात्रींना पाच-पाच गुण दिले.

शेवटी रविवार आणि मंगळवार यांच्यात दोन गुणांचा फरक राहिला. दोन गुणांवर एवढा मोठा निर्णय घेणं मला बरोबर वाटेना. म्हणून मी डोंबिवलीला गोपीनाथकडे गेलो.

गोपीनाथ माझा लांबचा मावसभाऊ. अठरा वर्षं परदेशी प्रवासी जहाजांवर नोकरी करून आलेला. निवृत्त झाला तरी घरात तो पांढरीशुभ्र पँट घालून बसायचा आणि बाल्कनीला डेक म्हणायचा. मी तक्ता त्याच्यापुढे पसरला. त्याने चष्मा लावून तो नीट वाचला. माझा तक्ता शेवटपर्यंत वाचणारा तो पहिला माणूस, त्यामुळे त्याच्यावर माझा विश्वास तिथेच बसला.

"हे बघ उत्तम," तो म्हणाला. "पहिल्या रात्री बोट म्हणजे लग्नघर. कोणाला काही सापडत नाही, जो तो आपली खोली शोधत फिरतो. आचारीसुद्धा माल लावण्यात गुंतलेला. ती रात्र सोड. दुसऱ्या रात्री कॅप्टनचं जेवण. सगळे सुटाबुटात. कॅप्टन स्वतः हात मिळवतो. आणि ताटात शेवंड असते, लॉबस्टर, अख्खी, मोठ्या जेवणघरात, फुकट! ती टाकून दुसरीकडे जेवायला जाणारा मूर्ख. मग राहिली कोणती?"

"तिसरी."

"तिसरी! शेवटच्या रात्री आचारी हात सैल सोडतो. जे काय उरलंय ते सगळं बाहेर काढतो. ठेवून करणार काय?"

'जे काय उरलंय' हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले. कोणी मला फसवलं असं मला म्हणता येणार नाही. मी तिथल्या तिथे सातवा रकाना आखला, वर 'उदारपणा' लिहिलं आणि मंगळवारला नऊ गुण दिले.

निघताना सहज विचारलं, "तू त्या खास रेस्टॉरंटात बऱ्याचदा जेवला असशील ना?"

"मी? छे रे. मी लाँड्रीत होतो. आम्हाला जेवण खाली. पण तिथले टेबलक्लॉथ धुवायला माझ्याकडेच यायचे. डागांवरून सगळं कळतं."

घरी येऊन मी मंगळवारच्या चौकोनात खूण केली आणि मंजुळाला कारणं समजावून सांगितली. ती "बरं" म्हणाली. बावीस वर्षांच्या संसारात तिच्या 'बरं'चा अर्थ मी नेहमी होकार असाच धरत आलो होतो.

आम्ही निघायच्या आदल्या दिवशी मंजुळाची आई भागीरथी आमच्या मुलीच्या सोबतीला राहायला आली. सासूबाई कल्याणच्या. उभा जन्म त्यांनी तिथल्या बाजारात मासळी विकली. त्यांना सगळा कार्यक्रम सांगितला, तर म्हणाल्या, "मासली खावाला शिंगापूरला चाललाव?" आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, ती सांगताना मला आजही बरं वाटत नाही. मंजुळा लग्नाआधी सहा वर्षं आईच्या शेजारी बाजारात बसायची. मॅट्रिक झाली तरी बसायची. लग्न ठरताना मी एकच अट घातली होती: ऑफिसात काम करणाऱ्याची बायको पाटी घेऊन बाजारात बसणार नाही. ती बसली नाही. मीही त्या सहा वर्षांबद्दल तिला पुन्हा कधी काही विचारलं नाही. घरात मासळी लागायची ती रविवारी सकाळी मीच आणायचो, इस्त्रीचा शर्ट घालून, ऐटीत. एका मासेवालीच्या मुलीला आणि तिच्याच नातीला मी बावीस वर्षं मासळी आणून दिली, आणि यात काही विचित्र आहे हे माझ्या लक्षात आलं नाही.

जहाज आमच्या वर्तकनगरच्या चार इमारती एकमेकींवर ठेवाव्यात एवढं होतं. रविवारी दुपारी आम्ही चढलो, संध्याकाळी ते हललं. मी कठड्याशी उभा राहून छाती भरून वारा घेतला आणि मंजुळाला म्हणालो, "बघ, रक्तात असावं लागतं." तिने माझ्याकडे बघितलं आणि शेजारच्या बाईला तिची शाल नीट करायला मदत केली.

मोठ्या जेवणघरात मी नूडल्स, कोंबडी आणि तीन प्रकारची पुडिंगं खाल्ली. नंतर पाय मोकळे करायला निघालो तर समोर तेच रेस्टॉरंट आलं. दाराशीच एक लांबलचक काचेची पेटी, तिच्यात बर्फाचा ढीग आणि बर्फावर मासे मांडलेले. आपण बोट दाखवायचं, ते शिजवून देणार.

मंजुळा पेटीसमोर थांबली. मग वाकली.

"जिताडा!" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की दाराशी उभी असलेली मुलगी दचकली. "अहो, जिताडा आहे हा. आपल्या खाडीतला!"

"अगं, इथल्या खाडीतला असेल."

"डोळे बघा त्याचे. कसा बघतोय! आजच आलाय." ती दुसऱ्या माशाकडे सरकली, मग तिसऱ्या. एरवी दुकानात साडी बघतानाही ती इतकी रेंगाळत नाही. "सगळेच आजचे आहेत. अहो, आजच खाऊ या का?"

दाराशी असलेल्या मुलीला भाषा कळली नाही, पण चेहरा कळला. तिने आमच्या खोलीचा नंबर विचारला, वहीत बघितलं आणि हसून मला इंग्रजीत म्हणाली, "तुमचं मंगळवारी आहे. पण आज आमच्याकडे जागाच जागा आहे. हवं तर आत्ता बदलून देते."

आत बघितलं तर खरोखर दोनच टेबलं भरलेली होती. त्या मुलीच्या हातात पेन होतं. एक रेघ मारायची, एवढंच काम होतं.

पण माझ्या पोटात तीन पुडिंगं होती आणि डोक्यात सात रकाने. "नो, नो," मी म्हणालो. "ट्यूसडे. फिक्स्ड." आणि मंजुळाला म्हटलं, "ठरलंय ते ठरलंय. असं ऐनवेळी बदललं तर प्लॅनिंगला अर्थ काय राहिला?"

ती "बरं" म्हणाली. वळताना मात्र तिने पेटीकडे एकदा मागे बघितलं. ते बघणं मी पाहिलं आणि खोलीत जाऊन शांत झोपलो.

सोमवारी कॅप्टनच्या जेवणासाठी मी ठाण्याहून शिवून आणलेला सूट घातला. ट्रायलच्या दिवशी तो बसला होता. रविवारच्या पुडिंगांनंतर बसेना. पोट आत ओढून, श्वास धरून मी मंजुळाच्या मागोमाग निघालो. संध्याकाळपासून जहाज किंचित डुलत होतं. फार नाही. पाळण्यातलं बाळ झोपेल इतकंच.

जेवणघराच्या दाराशी रांग होती. पुढे पांढऱ्या गणवेशातला उंच कॅप्टन एकेकाशी हात मिळवत होता, शेजारी फोटोवाला. आमच्यापुढे चार माणसं असताना जिन्यावरचं झुंबर हळूच डावीकडे गेलं. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे. मी झुंबराकडे बघायला नको होतं.

"तुमचा रंग असा का झालाय?" मंजुळाने विचारलं.

"समुद्राची हवा," मी म्हणालो. पुढचं वाक्य मला बोलता आलं नाही. तोंडावर हात दाबून मी पळालो. थोडक्यात सांगायचं तर तांडेलाला बोट लागली. एका भांड्यावर वाकलेल्या अवस्थेत मला आजोबांची आठवण झाली आणि मी मनातल्या मनात त्यांची माफी मागितली.

मंजुळाने खोलीत येऊन माझा कोट काढला, कपाळाला ओला रुमाल लावला. मीच तिला परत पाठवलं. एकाने तरी जायला हवं होतं. तिने कॅप्टनशी हात मिळवला. उपास असल्यामुळे तिने कलिंगड आणि केळी खाल्ली. आमच्या दोघांच्या वाटणीच्या शेवंडी तिने शेजारच्या टेबलावरच्या नागपूरच्या एका कुटुंबाला दिल्या. त्या घरचे लोक पुढे दोन वर्षं दिवाळीचं कार्ड पाठवत होते. कॅप्टनबरोबरचा तिचा फोटो आमच्या बाहेरच्या खोलीत लावलेला आहे. नऊवारी नेसलेली मंजुळा ताठ उभी आहे आणि कॅप्टन थोडासा वाकलेला आहे. नवीन माणसं मंजुळाला विचारतात, "हे तुमचे मिस्टर का?"

मंगळवारी समुद्र शांत झाला. मी दिवसभर लिंबूपाणी आणि बिस्किटांवर काढला, त्यामुळे संध्याकाळी भूक अशी लागली होती की भुकेच्या रकान्यात दहापैकी बारा द्यावेत. सातला आम्ही रेस्टॉरंटच्या दाराशी हजर झालो.

दाराशी गर्दी होती. शेवटच्या रात्री आचारी हात सैल सोडतो ही बातमी गोपीनाथने फक्त मलाच सांगितलेली नसावी. पाऊण तास आम्ही भिंतीला टेकून उभे होतो. नंबर लागला तेव्हा त्या मुलीने आम्हाला ओळखलं. "ट्यूसडे," ती मंजुळाकडे बघून म्हणाली, आणि मला वाटतं, त्यात थोडी सहानुभूती होती.

काचेच्या पेटीत बर्फ भरपूर होता. मासे सहा होते. त्यांतला एक जिताडा.

मंजुळा वाकली. या वेळी तिला वाकून राहावं लागलं नाही. एका नजरेत ती सरळ झाली.

"नको," ती म्हणाली.

"नको काय? त्याला बोट दाखव, जिताडा तुला हवा होता ना!"

"हा रविवारचा आहे. डोळे आत गेलेत. बर्फाचं पाणी प्यायलाय."

"अगं, एवढं मोठं जहाज, इथे शिळं देतील का कोणी?" मी आवाज खाली आणून म्हणालो. मागे रांग होती. पेटीपलीकडे उंच टोपी घातलेला एक म्हातारा आचारी हातात चिमटा घेऊन आमच्याकडे बघत होता. "लोक बघतायत. दाखव बोट."

मंजुळाने बोट दाखवलं. पण ते माशाच्या डोक्याकडे नेऊन तिने कल्ला वर उचलल्याची खूण केली. आचाऱ्याच्या भुवया वर गेल्या. त्याने चिमट्याने कल्ला उचलला. आत लालभडकऐवजी विटकरी रंग होता. त्याने मंजुळाकडे बघितलं, मंजुळाने त्याच्याकडे. दोघांनी एकदमच मान हलवली. कल्ला त्याने मिटला. आता मी तिथे उभा आहे की नाही याच्याशी दोघांनाही काही देणंघेणं नव्हतं.

"मंजुळा," मी म्हणालो, "तुला हे आधीच माहीत होतं?"

"बोट एकदाच भरतात ना. बंदरात. मधे समुद्रात कोण आणून देणार? मग मासळी पहिल्या रात्रीच खायची. आमच्या बाजारात शेंबड्या पोरालाही कळतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगत होते. तुम्ही म्हणालात, थांब, तक्ता काढतो."

मला एकदम एक शंका आली. ती यायला बावीस वर्षं लागली. "आणि मी रविवारी घरी आणतो ती मासळी?"

ती हसली. हसू दाबायचा तिने प्रयत्न केला हे मी तिच्या बाजूने नमूद करतो. "ती काय, चालते. तिला मसाला जरा जास्त लागतो. म्हणून तर एवढी पाकिटं जमली."

आचाऱ्याने पेटीवर टिचकी मारून आमचं लक्ष वेधलं आणि मंजुळाला बोटाने आत बोलावलं. मला नाही, तिला. मी आपला मागोमाग गेलो. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ओल्या गोणपाटाने झाकलेली एक टोपली होती. त्याने गोणपाट दूर केलं. आत चिंबोऱ्या होत्या, मोठे खेकडे, जिवंत, नांग्या दोरीने बांधलेल्या. जिवंत चिंबोरी चार दिवस टिकते, तिला रविवार-मंगळवार नसतो, हे मला तेव्हा कळलं.

मंजुळाने पदर खोचला. एक चिंबोरी उचलली, पोटाकडून बघितली, पायाच्या शेवटच्या पेरावर अंगठा दाबला आणि परत ठेवली. दुसरी उचलली, ठेवली. तिसरी हातात तोलली. "ही," ती म्हणाली. "लाख भरलीय." लाख म्हणजे आतली केशरी गाबोळी. आणखी तीन वेचल्या. म्हाताऱ्याने वेचलेल्यांतली एक उलटी करून स्वतः दाबून बघितली. मग तो मोठ्याने काहीतरी म्हणाला आणि भोवतीचे दोन-तीन आचारी काम सोडून जवळ आले.

"तो विचारतोय," त्याचं इंग्रजी मला कळल्यावर मी म्हणालो, "हे कुठे शिकलीस?"

"सांगा ना त्याला."

"काय सांगू?"

"कल्याणच्या बाजारात म्हणावं. आईजवळ."

मी सांगितलं. म्हातारा पुढे विचारत राहिला आणि मला भाषांतर करत राहावं लागलं. माझं इंग्रजी पंपांपुरतं. 'गाबोळी'ला काय म्हणायचं ते न सुचल्याने मी 'अंतर्गत साठा' असं काहीतरी म्हटलं. पण मंजुळा सांगत होती आणि मी ते दुसऱ्याला सांगण्यासाठी का होईना, ऐकत होतो. पहाटे चारला ती आईबरोबर लिलावाला जायची. सोळाव्या वर्षी आईला ताप होता तेव्हा ती एकटी गेली, आणि एका व्यापाऱ्याने बर्फातली मासळी ताजी म्हणून गळ्यात मारायला बघितली, तर तिने भर लिलावात कल्ला उघडून सगळ्यांना दाखवला. त्यानंतर बाकीच्या मासेवाल्या पाटी उचलायच्या आधी तिला बघायला बोलवायच्या. "भागीरथीच्या पोरीने हात लावला म्हणजे घ्यायची," असं म्हणायच्या.

"मग बाजार सोडला का, विचारतोय," मी म्हणालो.

मंजुळाने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी तिच्या वतीने काय उत्तर देतोय ते तिला बघायचं होतं, एवढंच.

तीनदा घसा साफ करून मी म्हाताऱ्याला माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "नवऱ्याने सोडायला लावला. नवरा मूर्ख होता."

"आता कुठे असतो तो?" म्हाताऱ्याने विचारलं.

"हाच मी."

म्हाताऱ्याने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मग खांद्यावर थोपटलं आणि एका स्टुलाकडे बोट दाखवलं. तो बिचारा काही म्हणाला नाही, पण 'थोडासा' हा शब्द मला स्पष्ट ऐकू आला.

"काय सांगितलंत त्याला?" मंजुळाने विचारलं.

"जे खरं ते."

"एवढा वेळ लागला?"

"खूप होतं."

चिंबोऱ्या त्याने त्यांच्या पद्धतीने, लाल तिखट रश्श्यात केल्या. आम्ही टेबलावर न जाता तिथेच स्वयंपाकघराच्या कडेला बसून खाल्ल्या. मंजुळाने कवच फोडून लाख मला काढून दिली, मी ती तिच्या ताटात परत सरकवली. दोनदा असं झाल्यावर ती म्हणाली, "नाटकं करू नका, खा." मी खाल्ली. अशी चव मी जन्मात चाखली नव्हती, आणि याचं निम्मं कारण हे, की जन्मभर मासळी मीच निवडत आलो होतो.

परत आल्यावर गोपीनाथने फोन करून विचारलं, "काय, तिसरी रात्र बरोबर निघाली ना?" मी म्हटलं, "एकदम." त्याचं मन कशाला मोडा? त्याने हाच सल्ला पुढे आणखी दोघांना दिल्याचं माझ्या कानावर आलं. त्यांना मी सावध केलं नाही, हा माझा दोष.

पुढच्या रविवारी सकाळी मी शर्ट घातला, पिशवी घेतली आणि दाराशी उभा राहिलो. मंजुळा पीठ मळत होती.

"चल," मी म्हणालो.

"कुठे?"

"बाजारात. आजपासून तू बघायचंस."

तिने हात धुतले. साडी बदलली नाही, नुसते केस नीट केले. जिना उतरताना समोरच्या हौसाबाईंनी विचारलं कुठे निघालात, तर मंजुळानेच सांगितलं, मासळी बघायला. "मग आमचीही आणा की," हौसाबाई म्हणाल्या आणि आत जाऊन पिशवी घेऊन आल्या. पुढच्या रविवारी दोन पिशव्या झाल्या, त्यापुढे चार. दिवाळी आली तोवर आमच्या कॉलनीतल्या अकरा घरांची मासळी मंजुळाच्या नजरेखालून यायला लागली. स्टेशनाजवळच्या बाजारातल्या मासेवाल्या सुरुवातीला तिच्यावर चिडायच्या. आता ती दिसली की चांगला माल वर काढून ठेवतात आणि "ताई, आधी इथे या" म्हणून हाका मारतात.

पिशव्या मी धरतो. कोणती कोणाची ते लक्षात राहावं म्हणून मी एकदा तक्ता काढला होता, पण मंजुळाने प्रत्येक पिशवीला वेगळ्या रंगाची नाडी बांधून टाकली. परवा बाजारात पंढरी भेटला. मी अकरा पिशव्यांसकट एका खांबाला टेकून उभा होतो आणि मंजुळा दहा पावलं पुढे एका सुरमईचा कल्ला उघडून बघत होती.

"काय थोडासा," तो म्हणाला, "आज इथे ड्युटी?"

"हो," मी म्हणालो. "तुला काही हवंय का? पिशवी दे, तिला विचारतो."

त्याने खिशातून पिशवी काढली आणि मुकाट्याने माझ्या हातात दिली.